आधी शिलाईची रेघ

तुझी फाइल उघडून बघितली. पिशवी देखणी आहे. बंदांची जागा बरोबर आहे, आणि आतल्या खिशाची युक्ती मला या वयात सुचली नसती. पण तशीच छापून कापायला घेतली असतीस तर संध्याकाळी तुझा रडवेला फोन आला असता. तुला पिशवी हवी आहे ३५ सेंटिमीटर रुंद, ३८ उंच आणि तळाला १० सेंटिमीटर जाड. तू ३५ बाय ३८चा चौकोन काढलास, चारी बाजूंनी शिलाईला एकेक सेंटिमीटर वाढवलास आणि मोकळी झालीस. ही पिशवी शिवून तळाचे कोपरे पाडले की ती २५ रुंद आणि ३३ उंच भरेल. डबा मावेल, फाइल नाही.

कॉम्प्युटरचं काही चुकलेलं नाही. तू सांगितलंस ते त्याने इमानाने काढलं. फोनवर बोलले असते तर ‘हो मावशी, हो मावशी’ करून तू विसरली असतीस, म्हणून लिहायला बसले.

तीसेक वर्षं मी ब्राऊन पेपरवर पिशव्या बेतल्या. भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेले ते फर्मे तू लहानपणी पाहिले आहेस. कसर लागायची, कडा झिजायच्या, पण खरा त्रास वेगळाच होता. २०१८च्या मार्चमध्ये राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि आमच्या गटाकडे कापडी पिशव्यांच्या ऑर्डरींची रीघ लागली. सहा जणी सहा घरी कापायला बसल्या. प्रत्येकीने शेजारणीच्या फर्म्यावरून आपला फर्मा उतरवून घेतला. पेन्सिल कडेच्या बाहेरून फिरते, त्यामुळे दर नकलेला एका कडेला मिलिमीटरभर वाढ होते. सहावीच्या फर्म्यापर्यंत दोन्ही कडा मिळून सेंटिमीटर वाढला होता. एकीने कापलेलं अस्तर दुसरीने कापलेल्या पिशवीत बसेना, आणि प्रत्येकीला आपलंच माप खरं वाटे. तेव्हा तुझ्या दादाने त्याचा जुना लॅपटॉप मला दिला आणि त्यात इंकस्केप घालून दिलं. फुकट मिळतं ते. २००३पासून जगभरातली हौशी आणि जाणती माणसं मिळून घडवताहेत. फोटो मोठा केला की त्याचे ठिपके दिसायला लागतात. इथे रेघ म्हणजे आकड्यांत लिहून ठेवलेली वाट असते, त्यामुळे शंभरावी प्रतही पहिलीइतकीच असते. मला तेवढंच हवं होतं.

आता तुझ्या चौकोनाकडे येऊ. स्क्रीनवर आधी शिलाईची रेघ काढायची, कापायची रेघ त्यानंतर. कागदावर बेतताना आम्ही थेट कापायची रेघ काढायचो, कारण मार्जिन हातात मुरलेलं असायचं. तुझ्या हातात ते अजून मुरलेलं नाही आणि माउसच्या हातात कधीच मुरणार नाही. शिवलेली पिशवी शिलाईच्या रेघेवर उभी राहते. कात्रीने कापलेली कड आत जाऊन बसते, ती कुणाला दिसत नाही. म्हणून जी दिसणार ती रेघ आधी.

तयार पिशवी टेबलावर उभी आहे असं समज. समोरचा भाग ३५. त्याला डावीकडून जाडीचा अर्धा भाग म्हणजे ५ आणि उजवीकडून ५ लागतात, कारण बाजूची शिलाई जाडीच्या बरोबर मध्यावर येते. झाले ४५. उंची ३८, त्यात तळाचा अर्धा भाग ५, झाले ४३. ही तुझी शिलाईची चौकट, ४५ बाय ४३. आता मार्जिन. दोन बाजूंना आणि तळाला एकेक सेंटिमीटर, वर तोंडाच्या दुमडीला चार, म्हणजे एक आत वळवायला आणि तीन दिसायला. कापायचा तुकडा ४७ बाय ४८चा झाला. असे दोन.

मग खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून चौकोन कापून काढायचे, जाडीच्या निम्मे, म्हणजे ५ बाय ५चे. हे पाच कुठून मोजायचे, शिलाईच्या रेघेपासून की कापलेल्या कडेपासून, यावर आमच्या गटात दोन दिवस वाद चालला होता. कागदावर काढून बघितल्यावर कळलं की दोन्हीकडून पाचच येतात. शिलाईच्या चौकोनाला एक सेंटिमीटरचं मार्जिन दिलं की आतला कोपरा जेवढा सरकतो तेवढीच बाहेरची कडही सरकते आणि हिशोब जिथल्या तिथे राहतो. मात्र बाजूचं, तळाचं आणि कोपऱ्याचं मार्जिन सारखं असेल तरच. तळाला दीड आणि बाजूला एक घेतलंस की गणित मोडलं. म्हणून पिशवीला सगळीकडे एकच मार्जिन ठेव, तोंड सोडून.

मार्जिन किती, हे तुझ्या मशीनला विचार. मी शिकले तेव्हा सगळं सुतात चालायचं, इंचाला आठ सूत. तीन सूत मार्जिन म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. ते एक सेंटिमीटरच धरतात बहुतेक जणी, आणि एका शिलाईत अर्ध्या मिलिमीटरने बिघडत काही नाही. पण ज्या बॅगेला गोल घेर आणि आठ जोड आहेत तिथे आठ शिलाया, प्रत्येकीच्या दोन कडा, म्हणजे सोळा अर्धे होतात. सुईपासून १० मिलिमीटरवर मशीनच्या पत्र्यावर रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लाव आणि कापडाची कड त्याला घासत ने.

गोल तळाची पिशवी करशील तेव्हा शिलाईच्या रेघेची किंमत कळेल. तळाचा व्यास २० हवा असेल तर भोवतीच्या पट्टीची लांबी २० गुणिले ३.१४, म्हणजे ६२.८, आणि तिच्या जोडाला २ धरून ६४.८ सेंटिमीटर. हा व्यास शिलाईच्या वर्तुळाचा. कात्रीचं वर्तुळ २२चं असतं. त्यावरून पट्टी काढलीस तर घेर ६९ येतो आणि शिवताना सहा सेंटिमीटर कापड हातात उरतं. मग ते चुण्या घालून दडपायचं आणि ‘फॅशन आहे’ म्हणायचं. आमच्यात एकीने म्हटलं होतं. वर्तुळावर चार खुणा कर आणि पट्टीवर दर १५.७ सेंटिमीटरला एक. खुणेला खूण लावून टाचण्या मार, मगच मशीनवर घे. पट्टीच्या मार्जिनला कात्रीने बारीक काप दिले की ती वळणाला बसते. काप शिलाईच्या रेघेपर्यंत नेऊ नकोस.

कॉम्प्युटरला एक गोष्ट अजिबात कळत नाही, ती म्हणजे कापडाला जाडी असते. स्क्रीनवर अस्तर आणि बाहेरचं कापड एकाच मापाचं केलं तर ते एकमेकांत नीट बसतं. प्रत्यक्षात फोम लावलेल्या कॅनव्हासच्या आत तेच अस्तर ढिलं होऊन सुरकुततं. फोमच्या बॅगेला अस्तराची शिलाईची चौकट रुंदीला तीन-चार मिलिमीटर कमी काढ. साध्या मांजरपाटाला नको. जाड कॅनव्हास घडीवर कधी कापू नकोस, घडीच्या वळणात दोन-तीन मिलिमीटर खाल्ले जातात. अर्धा फर्मा एका अंगाने आखायचा, मधल्या रेघेवर उलटा करून दुसऱ्या अंगाने आखायचा. आणि कोरं सुती कापड भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच बेत. कुणीतरी सांगेल की आकसण्याची टक्केवारी काढून फर्माच तेवढा मोठा करा. असला शहाणपणा नको. प्रत्येक ताग्याचं आकसणं वेगळं असतं आणि उभ्या-आडव्या धाग्याचंही वेगळं.

आता पैशाची गोष्ट, आणि इथे कॉम्प्युटर खरा कामाला येतो. तुझा तुकडा ४७ रुंद. बाजारात तू जो ३६ इंची कॅनव्हास घेणार त्याचा पन्हा ९१.४ सेंटिमीटर. दोन तुकडे शेजारी ठेवले तर ९४ लागतात. अडीच सेंटिमीटरला माती खाल्ली! तुकडा आडवा केला तरी दोन अठ्ठेचाळीस म्हणजे ९६. म्हणजे पन्ह्यात एकच तुकडा बसणार, एका पिशवीला जवळजवळ मीटरभर कापड जाणार आणि बाजूला ४४ सेंटिमीटरची पट्टी उरणार. त्यातून बंद निघतील, खिसे निघतील, पण पन्नास पिशव्यांना किती बंद लावशील? पिशवी ३३ रुंद कर. तुकडा ४५चा होतो, दोन मिळून ९०, पन्ह्यात बसले. एका पिशवीला ४८ सेंटिमीटर लांबी पुरते. गिऱ्हाइकाला ३५ आणि ३३तला फरक कळत नाही. कापडाच्या बिलात तो लगेच दिसतो.

हे कळण्यासाठी इंकस्केपमध्ये पन्ह्याएवढा लांब आयत काढून ठेव, वेगळ्या लेयरवर. त्यात फर्म्याचे क्लोन टाक, आल्ट आणि डी दाबून. क्लोन म्हणजे सावली. मूळ फर्मा बदलला की सगळ्या सावल्या आपोआप बदलतात. त्या सरकवून, उलट्यासुलट्या लावून बघ. मात्र कापडाला काठ असेल, छपाईत फुलं एकाच दिशेने उभी असतील, तर उलटे तुकडे चालत नाहीत. बोहरी आळीतून स्वस्तात आणलेल्या छापील कापडाचे मी एकदा अर्धे हत्ती पाय वर करून शिवले होते. ती पिशवी अजून घरात आहे, कांदे-बटाट्यांना वापरते.

इंकस्केपच्या बाकीच्या बारकाव्यांपैकी दोन-तीनच तुला सांगते, उरलेले तू मला शिकवशील. उघडल्याबरोबर डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये जाऊन एकक मिलिमीटर कर. पिक्सेलमध्ये बेतायला आपण काय टीव्ही शिवतोय? मापाच्या चौकटीत हिशोबही लिहिता येतो. ३५०+१०० लिहून एंटर मारलं की ते ४५० करतं. मी तोंडी हिशोब करून बसायचे, हे कळायला मला वर्ष लागलं.

दुसरं जास्त महत्त्वाचं. प्रेफरन्सेसमध्ये टूल्सखाली ‘बाउंडिंग बॉक्स’ असं एक आहे. ते मुळात ‘व्हिज्युअल’ असतं, म्हणजे रेघेची जाडीसुद्धा मापात धरतं. तू एक मिलिमीटर जाड रेघ घेऊन १०० मिलिमीटरचा चौकोन काढलास तर खरी वाट ९९ची असते. तिथे ‘जिओमेट्रिक’ निवड. माझे फर्मे कितीतरी दिवस प्रत्येक मापाला मिलिमीटरभर कमी येत होते आणि मी प्रिंटरला शिव्या घालत होते. रेघही बारीक ठेव, पाव मिलिमीटर पुरे, आणि कापताना रेघेच्या कुठल्या कडेने कापायचं ते एकदा ठरवून पाळ.

मार्जिनची रेघ हाताने काढू नकोस. शिलाईच्या आकाराला पाथ इफेक्टमधला ऑफसेट लाव आणि १० मिलिमीटर लिही. बाहेरचे कोपरे गोल झालेले दिसले तर जोडाचा प्रकार ‘मायटर’ कर, कोपरे टोकदार होतात. गोल कोपऱ्याने कापलेला तुकडा कोपऱ्याला कोपरा लावून जुळवता येत नाही. तोंडाची चार सेंटिमीटरची दुमड मात्र नंतर वेगळी वाढव.

दादाच्या लॅपटॉपमधल्या जुन्या फाइली तुला हव्या असतील तर एक धोका आहे. २०१७ साली आलेल्या ०.९२ आवृत्तीपासून इंकस्केप इंचाला ९०ऐवजी ९६ पिक्सेल धरतं. त्याआधीची फाइल उघडली की एक खिडकी येऊन विचारते. न वाचता क्लिक करशील तर ४८ची उंची ४५ होऊन बसेल. तुला व्हॅलेंटिना किंवा सीमली टूडीबद्दलही कुणी सांगेल, जिथे मापांना नावं देऊन सूत्रं लिहिता येतात. चांगली आहेत, पण ती ब्लाउज-कुर्त्यांसाठी. पिशवीला कंबर आणि छाती नसते.

इथवर सगळं तुझ्या घरात आहे. फाइल घराबाहेर पडली की माप घसरायला लागतं.

आमच्या गटाने एका कार्यक्रमासाठी चाळीस बॅगा घेतल्या होत्या, अस्तराच्या. अस्तराचा फर्मा माझ्या घरच्या प्रिंटरवर आधीच छापलेला होता. बाहेरचा फर्मा घाईत एका झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणला. दुकानदाराने फाइल उघडून प्रिंट दिली, त्याच्या प्रिंटरवर ‘पानात बसवा’ चालू होतं. शंभराच्या जागी सत्त्याण्णव टक्के. डोळ्यांना काही कळत नाही. ४७ सेंटिमीटरचा तुकडा ४५.६ झाला होता. चाळीसच्या चाळीस बॅगा कापून झाल्या, शिवून झाल्या, आणि अस्तर आत बसवताना ते दीड सेंटिमीटरने मोठं निघालं. रात्री दोनपर्यंत आम्ही अस्तरं उसवून आत घेत होतो. एकीचा नवरा चहा करून देत होता आणि विचारत होता, ‘एवढ्याने काय फरक पडतो?’

म्हणून पहिल्या पानावर १०० मिलिमीटरचा चौकोन काढून ठेवायचा, त्याच्या आत लिहायचं ‘१० सेमी’. दुकानदाराला सांगायचं की आधी एकच पान काढा, स्केल १०० किंवा ‘ॲक्चुअल साइज’. ते पान हातात आलं की तिथेच, काउंटरवर, स्टीलच्या पट्टीने चौकोन मोजायचा. शिंप्याच्या टेपने नाही, जुनी टेप ओढून ओढून लांबलेली असते. पट्टीचं टोक झिजलेलं असतं म्हणून शून्यापासून नाही, १०पासून २०पर्यंत मोज. आडवं मोज आणि उभंही मोज, कारण काही प्रिंटर कागद ओढताना एकाच दिशेने चूक करतात. बरोबर असेल तरच ‘बाकीची पानं काढा’ म्हण. मागे रांग असेल तर असू दे.

फाइल दुकानात व्हॉट्सॲपने पाठवायची असेल तर पीडीएफ करून, डॉक्युमेंट म्हणून पाठव. फोटो म्हणून पाठवलीस की तो आपल्या सोयीने लहान करतो आणि माप गेलं. पीडीएफ करण्यापूर्वी मराठीत लिहिलेल्या सगळ्या सूचना निवडून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ कर, म्हणजे अक्षरांच्या रेघा होतात आणि दुकानात फॉन्ट नसला तरी ‘अस्तर’चं भलतंच काही होत नाही. मूळ फाइल मात्र वेगळी ठेव, रेघा झालेलं अक्षर पुन्हा टाइप करता येत नाही. परदेशातून उतरवलेले फर्मे बघत असशील तर लक्षात ठेव की अमेरिकेत लेटर नावाचा कागद चालतो, तो आपल्या एफोरपेक्षा सहा मिलिमीटर रुंद आणि अठरा मिलिमीटर आखूड आहे. तिथला फर्मा इथे ‘पानात बसवून’ छापला की माप लहान झालंच.

मोठा फर्मा एफोरवर कसा छापायचा? दोन वाटा आहेत. इंजिनिअरिंग ड्रॉइंग काढणाऱ्या दुकानांत प्लॉटर असतो, तिथे अख्खा फर्मा एकाच मोठ्या कागदावर निघतो. फार मोठ्या बॅगेला तेच बरं. घरी करायचं तर अख्खा फर्मा एका मोठ्या पानाच्या पीडीएफमध्ये काढ आणि ॲक्रोबॅट रीडरमध्ये छापताना ‘पोस्टर’ निवड, टाइल स्केल १००, ओव्हरलॅप एक सेंटिमीटर, कटमार्क्स आणि लेबल्स चालू. तो आपला आपण पानं पाडतो. इंकस्केपमध्येही २०२२च्या १.२ आवृत्तीपासून एका फाइलीत अनेक पानं करता येतात, पण पोस्टरचा मार्ग मला सोपा वाटतो.

छापण्यापूर्वी कागद आडवा की उभा याचा विचार कर. एफोरचा कागद २१० बाय २९७, कडेचे सेंटिमीटर प्रिंटर सोडतो, हातात राहतात १९० बाय २७७. तुझा ४७ बाय ४८चा अख्खा तुकडा छापायला सहा पानं लागतात. तो दोन्ही अंगांनी सारखा आहे ना? मग अर्धाच छाप, २३.५ बाय ४८. उभ्या कागदावर चार पानं. आडव्या कागदावर २३.५ची रुंदी एका पानात बसते आणि तीन पानांत काम होतं. जोडही दोनच येतात. पानं वाचली याचं मला तेवढं कौतुक नाही, जोड कमी झाला याचं आहे. प्रत्येक जोडाला माप अर्ध्या मिलिमीटरने इकडेतिकडे होतंच. आणि बंद, पट्ट्या, चेनच्या बाजूचे आयत असले सरळ तुकडे छापूच नकोस. फर्म्यावर कोपऱ्यात लिही: ‘बंद, २ नग, ८ बाय ६५, उभा धागा’. पट्टी आणि खडू घेऊन कापडावर थेट आखायचे.

जोडताना एका पानाची कड कापायची, दुसऱ्याची तशीच ठेवून त्यावर ती बसवायची. दोन्ही कापल्यास चिकटवायला काही उरत नाही. पातळ डिंक वापरू नकोस, कागद ओला होऊन फुगतो. पावसाळ्यात तर नुसताच कागद सादळून वाढतो, तेव्हा जुने फर्मे जून-जुलैत पुन्हा मोजून घ्यावेत. फर्म्याभोवती स्क्रीनवरच एक फिकट चौकट काढून ठेव. पानं जोडून झाली की तिचे दोन्ही कर्ण मोज, गवंडी खोलीचा काटकोन बघतो तसे. अर्ध्या तुकड्याचे दोन्ही ५३.४ सेंटिमीटर यायला हवेत. एक ५३ आणि दुसरा ५४ आला तर जोड तिरका बसलाय, काढून पुन्हा लाव.

चेन असेल त्या बॅगेला चेनची दिसणारी रुंदी स्क्रीनवर खरोखर काढ. आपण वापरतो ती पाच नंबरची रोलची चेन, तिचे दात साधारण पाच मिलिमीटरचे, पण शिवल्यावर दोन कापडांमध्ये दिसते सेंटिमीटरभर. तुझ्याकडच्या चेनला पट्टी लावून बघ. वरची पट्टी दहाची हवी आणि चेन १.२ दिसत असेल तर दोन्ही बाजूंचे तुकडे ४.४चे, अधिक दोन मार्जिन, ६.४चे. मी पूर्वी अंदाजाने अर्धे-अर्धे करायचे आणि मग तळाची पट्टी आणि वरची पट्टी एकमेकींकडे बघत बसायच्या.

प्रत्येक तुकड्यावर काय लिहायचं ते तुला माहीत आहे, पण तुझ्या फाइलीत ते नाही. तुकड्याचं नाव, किती कापायचे, कापड की अस्तर की बकरम, उभ्या धाग्याचा बाण, जुळवायच्या खाचा आणि तारीख. तारीख विशेष. ‘पिशवी फायनल’, ‘पिशवी फायनल नवी’, ‘पिशवी खरी फायनल’ अशा तीन फाइली माझ्या लॅपटॉपवर आहेत आणि त्यातली खरी कुठली ते मला आज सांगता येत नाही.

मग मांजरपाटात एक पिशवी शीव. ती विकायची नाही. तिच्यात दोन-तीन किलो कांदे घालून खांद्याला लावून बाजारात जाऊन ये. बंद खांद्यावरून घसरतो का, तळ लोंबतो का, तोंड उघडून आतला बटवा दिसतो का, हे बघून फाइलीत दुरुस्ती कर आणि तारीख बदल. तीन वेळा करावं लागेल. चौथ्यांदा छापलेला फर्मा जुन्या एक्सरेच्या फिल्मवर उतरव, तो वर्षानुवर्षं चालतो आणि कडेला पेन्सिल फिरवायला छान सरळ राहतो. पण गटातल्या दुसरीला फर्मा हवा असेल तर तिला त्या फिल्मवरून उतरवू देऊ नकोस. तिला फाइलीवरून नवा छापून दे.

आणि कुणाचा विकत घेतलेला फर्मा फाइलीत उतरवून वाटत बसू नकोस. पिशवी शिवून विकायची परवानगी ज्याच्या त्याच्या फर्म्यावर लिहिलेली असते, ती वाच. आपला आपण बेतायला आता काही अवघड राहिलेलं नाही.

रविवारपर्यंत नवी फाइल पाठव, ३३ रुंदीची. सोबत पहिल्या पानाचा फोटो पाठव, चौकोनावर स्टीलची पट्टी ठेवून, आकडे वाचता येतील असा. तो बघितल्याशिवाय कापडाला हात लावू नकोस.